पहिला अर्धा मिलिमीटर : तोफगाडा, दस्ता आणि मागचा धक्का

शास्त्री नदी समुद्राला मिळते तिथे, खाडीच्या दक्षिण तोंडावर जयगड उभा आहे. समोरच्या तवसाळच्या बाजूला विजयगड. विजापूरकरांच्या काळात बांधलेला जयगड १७१३ च्या सुमारास कान्होजी आंग्र्यांच्या ताब्यात आला आणि १८१८ च्या जूनमध्ये इंग्रजांकडे गेला. या शंभर वर्षांत खाडीच्या तोंडावर जो काही वचक होता, तो तोफांचा. आपल्याकडे किल्ल्यावरच्या तोफेविषयी लिहिताना नळीची लांबी, गोळ्याचे वजन आणि मारा किती लांब हे हमखास येते. ती तोफ कशावर ठेवली होती आणि उडाल्यावर मागे कशी सरकत होती, याचा उल्लेख फारसा कुणी करत नाही. माझ्या मते तोफेच्या अभ्यासातली ही सर्वांत मोठी उणीव आहे. नळीतून दारूची ताकद कळते. ती ताकद नेमापर्यंत पोचते की नाही, हे नळी धरणाऱ्या लाकडावर ठरते. हेच तत्त्व आज बाकावर रायफल टेकवून खेळल्या जाणाऱ्या बेंचरेस्ट नेमबाजीत टोकाला गेलेले दिसते. तोफगाडा आणि रायफलीचा दस्ता एकाच गणिताने तपासता येतात, आणि तसे तपासल्यावर दोघांतला खरा फरकही नेमका कळतो.

गणित संवेगाचे आहे. गोळा पुढे जितका संवेग घेऊन जातो, त्यात जळलेल्या दारूच्या वायूचा संवेग मिळवला की तेवढाच संवेग नळी आणि तिच्याशी जोडलेले सगळे वजन मागच्या दिशेने घेते. उदाहरणादाखल बारा पौंडी तोफ घेऊ. गोळा ५.४ किलोचा, दारू त्याच्या तिसऱ्या हिश्शाची म्हणजे १.८ किलो, गोळ्याचा वेग सेकंदाला ४०० मीटर आणि वायूचा सरासरी ६०० मीटर धरला, तर एकूण संवेग ३,२४० किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद येतो. तोफ आणि गाडा मिळून १,७०० किलो असतील, तर ते सेकंदाला १.९ मीटर वेगाने मागे निघतील.

आता बेंचरेस्टची रायफल घ्या. या खेळात सर्वांत नावाजलेले काडतूस म्हणजे ६ पीपीसी, लू पाल्मिसानो आणि फेरिस पिंडेल यांनी १९७५ च्या सुमारास घडवलेले. गोळी ४.४ ग्रॅमची, वेग सेकंदाला सुमारे १,००० मीटर, दारू १.८५ ग्रॅम. धूरविरहित दारूचा वायू जास्त वेगाने बाहेर पडतो, तो वेग १,४०० मीटरच्या आसपास धरतात. एकूण संवेग सुमारे ७ येतो. हलक्या गटातल्या रायफलीला वजनाची मर्यादा साडेदहा पौंड, म्हणजे ४.७६ किलो. भागाकार केला की वेग येतो सेकंदाला दीड मीटर.

एकीकडे पावणेदोन टनांचा पसारा, दुसरीकडे हातात उचलता येणारे हत्यार, आणि मागे येण्याचा वेग जवळजवळ सारखा. हा निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही. माणसाने शतकानुशतके नळीचे वजन वाढवत नेले ते धक्क्याचा वेग आवाक्यात राहील अशा बेताने. त्याहून हलके केले की गाडा मोडतो किंवा खांदा सुजतो, आणि त्याहून जड केले की हलवता येत नाही.

पण नेमाचा विचार करताना शेवटच्या वेगापेक्षा दुसरी एक राशी महत्त्वाची ठरते. गोळी नळीतून बाहेर पडते त्या क्षणापर्यंत हत्यार किती मागे सरकलेले असते? गोळी एकदा सुटली की मागे काहीही होवो, तिला त्याचे सोयरसुतक नाही. हे अंतर काढायला वेग किंवा दाब माहीत असण्याचीही गरज नाही. गोळीचे वजन आणि दारूच्या वजनाचा निम्मा भाग यांची बेरीज घ्यायची, तिला हत्याराच्या वजनाने भागायचे आणि गोळीने नळीत कापलेल्या लांबीने गुणायचे. अर्ध्या मीटरच्या प्रवासासाठी रायफलीचे उत्तर येते ०.५६ मिलिमीटर. तोफेची नळी दोन मीटर धरली तर साडेसात मिलिमीटरच्या आत. रायफलीला यासाठी साधारण एक मिलिसेकंद लागतो, तोफेला त्याच्या आठ-दहा पट. पुढची सगळी चर्चा या अर्ध्या मिलिमीटरभोवती आहे. दस्त्याच्या रचनेत जे काही चांगले-वाईट आहे, त्याची परीक्षा तिथेच होते.

आधी तोफगाड्याकडे पाहू. तोफेच्या दोन्ही बाजूंना आडवे खुंटे असतात आणि त्यांवर ती गाड्यात टेकते. अठराव्या शतकातल्या बहुतेक युरोपी तोफांत हे खुंटे नळीच्या मध्यरेषेवर न ठेवता थोडे खाली ठेवलेले असत. कोकण किनाऱ्यावर विकत, लुटीत किंवा बुडालेल्या जहाजांतून आलेल्या तोफा बऱ्याच अंशी याच घडणीच्या. परिणाम असा की दारूचा जोर मध्यरेषेवरून मागे रेटतो, त्याला अडवणारा आधार मात्र खाली असतो, आणि या दोन रेषांतल्या अंतरामुळे नळीची मागची बाजू खाली दाबली जाते. तिच्याखालची लाकडी पाचर त्या दाबाखाली चिरडली जाते किंवा उडून बाहेर येते. गाड्याच्या मागच्या चाकांवर भार वाढतो, पुढची उचलू पाहतात. पुढे एकोणिसाव्या शतकात खुंटे मध्यरेषेवर आले, तेव्हा गाड्यांचे आयुष्य वाढले.

मग तोफ मागे जाते. दगडी फरसबंदीवर लाकडी चाकांचे एकूण घर्षण वजनाच्या दहाव्या ते पाचव्या हिश्शाइतके धरले, तर वर काढलेल्या वेगाने ती एक ते दोन मीटर मागे येऊन थांबेल. बुरुजाच्या आत तेवढी मोकळी जागा हवी, आणि मागे जिना किंवा उघडी कड असता कामा नये. युरोपी किल्ल्यांत तोफेखालचा ओटा तटाकडे किंचित उतरता ठेवत. तोफ चढावर मागे जाई, लवकर थांबे आणि भरून झाली की थोड्या रेट्याने पुन्हा जागेवर येई. किल्ल्याच्या बुरुजावर गेलेल्या अभ्यासकाने तोफेच्या खिडकीची रुंदी मोजावी तशी तिच्यामागच्या फरसबंदीची खोली आणि उतारही मोजावा, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. किती मोठी तोफ तिथे खरोखर वापरता येत होती, याचा पुरावा त्या दगडात असतो.

जहाजावर हाच प्रश्न अधिक नाजूक होतो, आणि आंग्र्यांच्या आरमाराची बांधणी या दृष्टीने पाहिली की ती किती विचारपूर्वक होती हे ध्यानात येते. इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने गुराब आणि गलबत यांचे तपशीलवार वर्णन केले आहे. दोन डोलकाठ्यांची गुराब सुमारे १५० टनांची, तीन डोलकाठ्यांची ३०० टनांपर्यंत. नाळेच्या बाजूला, पुढच्या माळ्याखाली, नऊ किंवा बारा पौंडी दोन तोफा थेट पुढे रोखलेल्या. बाजूंच्या तोफा सहा ते नऊ पौंडी. म्हणजे सर्वांत जड तोफा जहाजाच्या लांबीच्या रेषेत बसवलेल्या होत्या. धक्का लांबीच्या दिशेने गेला की त्याला अडवायला जहाजाचे संपूर्ण वजन उभे राहते. वरच्या बारा पौंडी तोफेचा ३,२४० संवेग १५० टनांवर पसरला, तर जहाजाचा वेग सेकंदाला जेमतेम दोन सेंटिमीटरने कमी होतो. तीच तोफ बाजूने डागली तर धक्का रुंदीच्या दिशेने, जहाजाच्या गुरुत्वमध्यापेक्षा वर लागतो आणि जहाज कलते. अरुंद, हलक्या बांधणीच्या जहाजाला ते परवडत नाही.

गलबत त्याहून हलके, क्वचित ७० टनांच्या वर जाणारे, चाळीस-पन्नास वल्ह्यांचे. लहान गलबतांचा माळा चिरलेल्या बांबूंचा असे, आणि त्यावर चाकांचा गाडा नसे. काठाच्या लाकडात खुंटीवर फिरणारे जंबुरे बसवलेले असत. मोठ्या गलबतांना पक्का माळा, तेव्हा कुठे दोन ते चार पौंडी सहा-आठ तोफा. यातली सांगड उघड आहे. चाकांचा गाडा म्हणजे धक्का घर्षणाने हळूहळू जिरवण्याची सोय, आणि त्याला सलग, टणक जमीन लागते. बांबूच्या फटींवर चाक अडकणार, आणि अडकले की तोफ एका कडेवर फिरणार. जंबुऱ्याचा धक्का मात्र खुंटीतून थेट काठाच्या लाकडात आणि तिथून जहाजाच्या बरगड्यांत जातो. नळी लहान असल्याने तेवढा भार त्यांना पेलतो. तोफ निवडताना आधी जमीन पाहायची, ही शिस्त त्या बांधणीत आहे.

धक्का मोजण्याचे शास्त्रही याच काळातले. बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने १७४२ साली तोफविद्येवरचे आपले पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात त्याने जड लाकडी लंबकावर गोळी मारून लंबक किती झुकतो यावरून गोळीचा वेग काढला. बंदुकीची नळीच लंबकाला टांगून ती उडाल्यावर किती मागे झुलते, हेही त्याने मोजले. पुढे ईस्ट इंडिया कंपनीने त्याला किल्ल्यांच्या दुरुस्तीसाठी हिंदुस्थानात आणले आणि १७५१ साली पूर्व किनाऱ्यावरच्या फोर्ट सेंट डेव्हिडमध्ये तो वारला. त्या वेळी पश्चिम किनाऱ्यावर तुळाजी आंग्र्यांचा अंमल होता. पुस्तक आणि समुद्र, दोन्हींकडे तोफेचा प्रश्न एकाच वेळी सोडवला जात होता.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, नाहीतर तोफ आणि रायफल यांची तुलना फसवी ठरेल. गुळगुळीत नळीच्या तोफेत गोळा नळीपेक्षा मुद्दाम लहान असे. इंग्रजी तोफांत ही तफावत व्यासाच्या सुमारे विसाव्या हिश्शाची, बारा पौंडी तोफेत पाच मिलिमीटरच्या वर. गोळा नळीत आपटत, टप्पे घेत बाहेर पडे, आणि शेवटचा टप्पा कोणत्या बाजूला पडला यावर त्याची दिशा ठरे. अशा तोफेत साडेसात मिलिमीटर मागे येताना नळी किंचित तिरकी झाली तरी तो दोष गोळ्याच्या टप्प्यांत बुडून जाई. मग गाड्याच्या घडणीचे महत्त्व कुठे होते? पुढच्या बारात. तोफ सरळ मागे आली, चाके वाकडी गेली नाहीत, पाचर जागेवर राहिली, तर गोलंदाज ती भरून पुन्हा त्याच रेषेत लावू शके. वाकडी आली तर आठ-दहा माणसांना ती पहारीने फिरवावी लागे, आणि तोवर शत्रूचे जहाज माऱ्यातून निघून जाई. सैल गोळ्याच्या तोफेत गाडा दुसरा नेम ठरवतो. रायफलीत गोळी नळीच्या आट्यांत घट्ट बसलेली असते, तिला टप्पे घ्यायला जागा नसते, त्यामुळे दस्ता पहिलाच नेम ठरवतो. गणित तेच, पण चुकीची किंमत कुठे मोजावी लागते ती जागा बदलली.

तोड्याची बंदूक या दोहोंच्या मध्ये येते. उत्तर हिंदुस्थानी घडणीच्या बंदुकीचा दस्ता सडपातळ, जवळजवळ सरळ आणि पाच पैलूंचा असे. लांब, जड नळी त्याला धातूच्या किंवा कातडी पट्ट्यांनी बांधलेली. युरोपी बंदुकीच्या दस्त्यासारखा खालचा बाक त्यात नाही. बाक नसला की नळीची रेषा आणि खांद्यावरचा आधार यांतले अंतर कमी होते आणि तोंड वर उसळण्याची ओढ कमी राहते. ही रचना मला तांत्रिकदृष्ट्या फार समजूतदार वाटते. तिचा दुबळेपणा पट्ट्यांत आहे. नळीचा धक्का लाकडाला देणारा पक्का अडसर नाही, नुसता आवळ आहे. दर बाराला नळी लाकडात केसभर मागे सरकते, पट्टी सैल होते, आणि पुढचा बार वेगळ्या जागेवरून सुरू होतो. तटाच्या जंगीतून ही बंदूक दगडावर टेकून चालवली की नळीचा टेकू दर वेळी थोडा बदलतो आणि मार वरखाली होतो. टेकून मारले म्हणजे नेम पक्का झाला, ही समजूत अपुरी आहे. टेकू तोच, तिथेच आणि तितक्याच दाबाने असावा लागतो.

बेंचरेस्टचा सगळा खेळ या एका अटीवर चालतो. काँक्रीटचे बाक, पुढे एक आधार आणि त्यावर वाळूची पिशवी, मागे दस्त्याखाली दुसरी पिशवी, समोर १०० किंवा २०० यार्डांवर कागद. पाच किंवा दहा गोळ्या एकमेकींच्या किती जवळ पडतात एवढेच मोजायचे. अमेरिकेत या खेळाची राष्ट्रीय संघटना १९५१ साली स्थापन झाली. १९७३ साली मॅक मॅकमिलन यांनी १०० यार्डांवर पाच गोळ्यांचा ०.००९ इंचाचा, म्हणजे पाव मिलिमीटरच्याही आतला गट मारला, आणि तो विक्रम चाळीस वर्षे टिकला. गोळ्यांच्या मध्यबिंदूंमधले हे अंतर आहे. अशा पातळीवर दस्त्याची प्रत्येक रेषा हिशेबात येते.

पहिली रेषा उंचीची. नळीची मध्यरेषा रायफलीच्या गुरुत्वमध्यापेक्षा वर असली की धक्का रायफल फिरवतो : तोंड वर, दस्त्याचे मागचे टोक खाली. हे अंतर २० मिलिमीटर धरू. एक मीटरच्या रायफलीचे वजन तिच्या लांबीभर पसरलेले आहे असे धरून जडत्व आघूर्ण ०.४० च्या आसपास येते. मग गोळी सुटेपर्यंतच्या अर्ध्या मिलिमीटरमध्ये, मोकळी टांगलेली रायफल इतकी फिरते की १०० यार्डांवर गोळी सुमारे १२ मिलिमीटर वर लागेल. पाव मिलिमीटरच्या विक्रमापुढे हा आकडा अक्राळविक्राळ वाटतो. पण दर वेळी तेच १२ मिलिमीटर आले तर दुर्बीण जुळवताना ते आपोआप वजा होतात. घात होतो तो फरकाने. एका बाराला गाल दस्त्यावर जास्त दाबला, हाताची पकड बदलली, पिशवी दबली, आणि त्या उसळीत दहा टक्के फरक पडला, तर गोळी १.२ मिलिमीटर हलते. तेवढ्याने स्पर्धा हातची जाते. म्हणून दस्ता घडवणारा दोन्हीकडून काम करतो. नळी शक्य तितकी खाली बसवून ते २० मिलिमीटर कमी करतो, म्हणजे मूळ आकडाच लहान होतो. आणि माणसाचा स्पर्श जितका कमी होईल तितका करतो. पुष्कळ नेमबाज रायफलीला चापाखेरीज कुठेही हात लावत नाहीत, खांदाही दूर ठेवतात. ती मोकळेपणाने मागे येते.

दुसरी रेषा दस्त्याच्या खालच्या कडेची, आणि इथे मी थोडा थांबेन, कारण सर्वांत जास्त दुर्लक्ष इथे होते. शिकारी रायफलीच्या दस्त्याची मागची खालची कड तिरकी, मागे जाताना खाली उतरणारी असते. खांद्याला लावून उभ्याने मारायला ती सोयीची. पिशवीवर मात्र ती घसरण ठरते. रायफल मागे सरकली की पिशवीवर दस्त्याचा अधिक पुढचा, म्हणजे उथळ भाग येतो, आणि मागचे टोक खाली बसायला मोकळे होते. चार अंशांच्या तिरकेपणाने ०.५६ मिलिमीटर सरकताना ही घट ०.०४ मिलिमीटरची. दोन पिशव्यांत अर्धा मीटर अंतर असेल, तर १०० यार्डांवर सात मिलिमीटर.

कुणी म्हणेल, एका मिलिसेकंदात दस्ता खाली पडायला वेळ तरी कुठे असतो? प्रश्न योग्य आहे. नुसत्या गुरुत्वाकर्षणाने तेवढ्या वेळात तो फार तर पाच मायक्रॉन पडेल. पण वर काढलेली उसळ आठवा. ती मागच्या टोकाला खाली रेटत असते, आणि गुरुत्वमध्यापासून ३० सेंटिमीटर मागे हा रेटा चाळीस मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे ०.०४ मिलिमीटरच भरतो. खालची कड नळीला समांतर असेल तर वाळू त्या रेट्याला अडवते. कड तिरकी असेल तर वाट मोकळी मिळते. उंचीचा दोष आणि कडेचा दोष एकमेकांना हात देतात, म्हणून एकच दुरुस्त करून भागत नाही. तरीही काही अनुभवी नेमबाज कडेला थोडा तिरकेपणा राखतात, कारण रायफल बोटभर पुढे-मागे सरकवून नेम वर-खाली करता येतो. ही तडजोड जाणून केलेली असेल तर तिला माझी हरकत नाही.

तिसरी गोष्ट पीळ. चौदा इंचांत एक फेरा देणाऱ्या आट्यांतून सेकंदाला १,००० मीटर वेगाने निघालेली गोळी सेकंदाला सुमारे २,८०० फेरे घेत असते. तिला मिळालेल्या फिरकीच्या उलट दिशेने रायफल कलंडू पाहते. त्यावर उपाय दस्त्याच्या पुढच्या भागाच्या रुंदीचा. नियमाने ती तीन इंचांपर्यंत, ७६ मिलिमीटर, ठेवता येते, आणि बहुतेक दस्ते ती मर्यादा पूर्ण वापरतात. तळ सपाट आणि गुळगुळीत असतो, त्यावर कमी घर्षणाची पट्टी लावतात. तळ गोल असता तर रायफल पिशवीत लोळली असती.

यापुढे प्रश्न उरतो तो लोखंड लाकडात कसे बसते याचा. नळीच्या मुळाशी, काडतूस बसते त्या पोलादी भागाखाली, धक्का अडवणारी एक आडवी पोलादी जीभ असते. ती लाकडाला घट्ट टेकलेली नसेल तर तोड्याच्या बंदुकीच्या पट्ट्यांचा दोष पुन्हा उभा राहतो. म्हणून पोलाद आणि दस्ता यांच्यामध्ये इपॉक्सी ओतून तंतोतंत साचा घेतात, काही जण तर पोलाद दस्त्यात कायमचे चिकटवून टाकतात. नळी मात्र पुढे लाकडाला कुठेही न शिवता मोकळी ठेवतात.

लाकडाच्या निवडीत कोकणाचा अनुभव उपयोगी आहे. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जयगडसारख्या खाडीकाठी जूनमध्ये आणि जानेवारीत लाकूड सारखे राहत नाही. ते तंतूंच्या आडव्या दिशेने फुगते आणि आटते. अक्रोडाचा देखणा दस्ता अशा हवेत नळीला कधी शिवेल आणि कधी सोडेल, याचा भरवसा नाही. मुंबई इलाख्यात तोफगाड्यांना साग वापरला जाई, तो याच कारणाने : त्यातल्या तेलामुळे तो ओल कमी घेतो आणि आकार राखतो. बेंचरेस्टमध्ये चेट ब्राउन आणि ली सिक्स यांनी काचतंतूंचे दस्ते आणले, तेव्हा हा प्रश्न मुळातूनच सुटला. शिवाय ते हलके होते. एकूण वजनाला मर्यादा असल्याने दस्त्यातून वाचवलेले वजन जाड, ताठ नळीकडे वळवता आले. हलका दस्ता धक्का वाढवतो असे ऐकू येते, ते या खेळात लागू पडत नाही. धक्का एकूण वजनावर ठरतो, आणि एकूण वजन सर्वांचे सारखेच असते. दस्त्याचा हलकेपणा ठरवतो तो गुरुत्वमध्य कुठे पडेल हे, आणि वजन वरच्या नळीकडे गेले की गुरुत्वमध्य मध्यरेषेच्या जवळ सरकतो. म्हणजे पहिल्या रेषेचे ते २० मिलिमीटर इथे आपोआप आक्रसतात.

महाराष्ट्रात या विषयाचा जिवंत अनुभव आहे तो कोल्हापूरकडे, जरी तिथला प्रकार बाकावरचा नाही. तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत ५० मीटर रायफल प्रोन प्रकारात सुवर्णपदक मिळवले. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिस ऑलिंपिकमध्ये १ ऑगस्ट २०२४ रोजी ५० मीटर थ्री पोझिशनचे कांस्यपदक ४५१.४ गुणांनी घेतले. या प्रकारात गोळी २.६ ग्रॅमची, वेग सेकंदाला ३३० मीटरच्या आसपास, रायफल आठ किलोपर्यंत. गोळी सुटेपर्यंत रायफल ०.२ मिलिमीटरच सरकते. पण गोळी मंद असल्याने नळीत तिला दोन-तीन मिलिसेकंद लागतात, बेंचरेस्टच्या दुपटीहून जास्त. तेवढा वेळ तोफगाड्याचे काम माणसाचे शरीर करते. म्हणून तिथल्या दस्त्याला खांद्याची पट्टी, गालाची उशी, हाताचा टेकू, सगळे स्क्रूने मिलिमीटर-मिलिमीटर हलवता येते. बाकावरचा दस्ता माणसाला दूर ठेवण्यासाठी घडवतात, आणि हा दस्ता माणसाशी असा जुळवतात की प्रत्येक बाराला हाडे एकाच जागी टेकतील. माणसाला धक्का जाणवून हालचाल करायला दीडशे मिलिसेकंद तरी लागतात. तोवर गोळी नळी सोडून कधीच गेलेली असते. धक्क्याला तोंड देता येत नाही, त्याची तयारी आधीच करून ठेवावी लागते, आणि पन्नास मीटरवरच्या १०.४ मिलिमीटरच्या दहाच्या वर्तुळात ती तयारी दिसते.

तोफांच्या जगात १८९७ च्या फ्रेंच ७५ मिलिमीटर तोफेने गाडा मागे येणेच थांबवले. नळी गाड्यावरच मागे सरकते, तेल आणि दाबलेली हवा तिला अडवतात आणि पुन्हा पुढे आणतात. पुण्यातल्या एआरडीई या संरक्षण संशोधन संस्थेने विकसित केलेली १५५ मिलिमीटरची आधुनिक तोफ याच वंशातली. बेंचरेस्टमध्ये वजनाची मर्यादा नसलेल्या गटानेही हाच रस्ता धरला. तिथे दस्ता नाहीच. नळी एका जड धातूच्या बैठकीवर, घासून सपाट केलेल्या रुळांवर बसते, बार झाला की रुळांवरून सरळ मागे येते आणि ढकलून पुन्हा अडसराला टेकवतात. जयगडच्या बुरुजावर गोलंदाजाला जी हालचाल हवी होती ती इथे मायक्रॉनपर्यंत घासून मिळवली आहे.

पण मर्यादित वजनाच्या गटात दस्त्याला पर्याय नाही, आणि तो नीट चालतो की नाही हे पाहण्याची सोपी रीत आहे. पिशव्या जुळवाव्यात, दुर्बिणीची उभी तार लक्ष्याच्या मध्यावर आणावी आणि काडतूस न भरता रायफल हाताने पन्नास मिलिमीटर हळूच मागे ओढावी. तार सरळ राहिली पाहिजे. ती बाजूला गेली तर पुढचा आधार आणि मागची पिशवी एका रेषेत नाहीत किंवा दस्त्याच्या कडा नळीला समांतर नाहीत. आडवी तार वर चढली तर खालच्या कडेचा तिरकेपणा किती आहे ते तिथेच मोजता येते. हे जुळल्यावर बार करून पाहावे, आणि तार पुन्हा कुठे येऊन थांबते याची दर बाराला नोंद ठेवावी. तार त्याच जागी येत असूनही गट उभा ताणला जात असेल, तर दोष पिशवीत शोधू नये. पोलादी जिभेची बैठक उघडून पाहावी.